आजोबांना नवा, नातीला जुना

गेल्या वर्षी दिवाळी पहाटेच्या आठ दिवस आधी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. "अण्णा, फोटो नेहमीप्रमाणे तुमच्याकडे हं!"

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७४, वीज मंडळातून निवृत्त. गणेशोत्सव, नाट्यस्पर्धा, संक्रांतीचं हळदीकुंकू, कोजागरी, मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, एका कोपऱ्यात अण्णा आणि त्यांचा कॅमेरा असणारच, असं मी लहानपणापासून बघत आलोय. त्या दिवशी मात्र ते दोन क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "यंदा दुसऱ्या कोणाला तरी सांगा. माझे पाय फार दुखतात हल्ली."

अण्णांचे पाय दुखत नाहीत. रामबागेतून राजवाड्यापर्यंत चालत जाऊन, पोहे-जिलबी खाऊन, पुन्हा चालत घरी येणारा माणूस तो. मी काही बोललो नाही, पण रात्री त्यांच्या कॅमेऱ्यातलं कार्ड संगणकाला लावून बघितलं. गणपतीतले तीनशेच्या वर फोटो त्यात होते आणि त्यांतले बहुतेक हललेले. आरतीचं तबक एकाऐवजी दोन दिसत होतं. बक्षीस घेणाऱ्या मुलीचा चेहरा ओल्या रंगावरून बोट फिरवावं तसा फिसकटलेला. मंडळाला त्यांनी फक्त वीस फोटो दिले होते, ते का, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा वयाचा कंप आहे, काळजीचं कारण नाही. पण जड वस्तू धरली की हात जास्त हलणार. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि अण्णांचा डीएसएलआर त्यांच्या आवडत्या ७०-२०० लेन्ससकट त्यावर ठेवला. दोन किलो साडेतीनशे ग्रॅम. अडीच किलोला जेमतेम दीडशे ग्रॅम कमी, आणि हे ओझं डोळ्यासमोर धरून दोन तास उभं राहायचं!

नेमक्या त्याच महिन्यात माझ्या लेकीने, ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मागणी केली, "बाबा, मला वाढदिवसाला मिररलेस हवा. आता डीएसएलआर कोणी घेत नाही." अशा रीतीने एकाच घरात एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहिले. त्यांची उत्तरं शोधताना आम्ही जे शिकलो, ते तुमच्यापैकी कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

आरसा कशासाठी होता?

पहिला धडा अण्णांनीच दिला. लेकीला समोर बसवून त्यांनी आपल्या कॅमेऱ्याची लेन्स काढली. आत एक छोटा आरसा तिरका, पंचेचाळीस अंशांत बसवलेला दिसला. लेन्समधून आलेला प्रकाश या आरशावर आपटून वर जातो, वरच्या भिंगाच्या लोलकातून वळतो आणि आपल्या डोळ्यात येतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, पडदा उघडतो, प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो आणि आरसा परत खाली येतो. डीएसएलआरचा तो ओळखीचा 'खटॅक' आवाज होतो, त्यात मोठा वाटा या आरशाच्या उठाबशीचा.

"पण एवढी उठाठेव कशाला?" लेकीने विचारलं.

"कारण पूर्वी मागे फिल्म होती," अण्णा म्हणाले. "फिल्म तुला आधी काही दाखवू शकत नव्हती. फोटो कसा येणार हे लेन्समधूनच बघायचं, तर आरसा लागणारच."

सगळ्या वादाचं मूळ या एका वाक्यात आहे. फिल्म जाऊन सेन्सर आला, आणि सेन्सरला समोरचं चित्र सतत दाखवता येतं. मग आरसा हवाच कशाला? १९९९ साली निकॉनचा डी१ आला आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार डिजिटलकडे वळू लागले. २००३ मध्ये कॅननच्या ३००डीमुळे डीएसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात आला. त्यानंतर पाचच वर्षांनी, २००८ मध्ये, पॅनासॉनिकने जी१ आणला. लेन्स बदलता येते, पण आत आरसा नाही. २०१३ मध्ये सोनीने ए७ मालिकेत फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर आरशाविना बसवला. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन हे दोघेही त्या वाटेने निघाले, आणि २०२० नंतर या दोघांनी नवा डीएसएलआर आणलेला नाही. म्हणजे लेकीचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

आपल्या इंदूरकरांना या गोष्टीचा एक जुना अध्याय ठाऊक असायला हवा. रुडकीला शिकलेले लाला दीनदयाळ इथे बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी इथेच कॅमेरा हाती घेतला आणि महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे हैदराबादच्या निजामांनी त्यांना 'राजा' ही पदवी दिली. त्या काळी फोटो मोठा करून छापण्याची सोय सहज नव्हती. कागद निगेटिव्हला चिकटवूनच छापायचा, त्यामुळे फोटो जेवढा हवा तेवढी काच, आणि काच जेवढी तेवढा कॅमेरा. ती लाकडी पेटी, तिकाटणं आणि काचा हलवायला माणसं लागत. कॅमेऱ्याचा आकार हा असा त्या त्या काळच्या गरजेतून ठरत आला आहे. आरशाचंही तेच झालं.

लहान म्हणजे किती लहान?

दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने लगेच सांगितलं, "भिया, अब तो सब मिररलेस ही ले रहे. हलका है, छोटा है." मी खिशातून कागद काढला. घरी बसून आकडे जमवले होते.

कॅननचा २००डी मार्क २ हा छोटा डीएसएलआर बॅटरी आणि कार्ड धरून ४४९ ग्रॅम भरतो. त्याच कंपनीचा आर५० हा छोटा मिररलेस ३७५ ग्रॅमचा. फरक पाऊणशे ग्रॅमचा, म्हणजे एका मोठ्या लिंबाएवढा. अगदी सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत 'जड विरुद्ध हलका' असा वाद फारसा उरतच नाही. वरच्या गटात फरक दिसतो: निकॉनचा डी८५० एक किलोच्या थोडा वर जातो, तर कॅननचा आर५ पाऊण किलोच्या आत राहतो.

खरी गोम लेन्समध्ये आहे. मोठ्या सेन्सरसाठी केलेल्या, भरपूर प्रकाश घेणाऱ्या ७०-२०० एफ/२.८ लेन्सला मोठीच भिंगं लागतात. मागे आरसा असो वा नसो. निकॉनची डीएसएलआरची अशी लेन्स १,४३० ग्रॅमची आहे आणि मिररलेसची, तिकाटण्याचं कडं काढून, १,३६०. कॅननने मात्र रचना बदलून ही लेन्स १,०७० ग्रॅमपर्यंत खाली आणली. तेव्हा 'मिररलेस घेतला की खांदा मोकळा' असं समजू नका. खांदा मोकळा करायचा असेल तर सेन्सर लहान घ्यावा लागतो किंवा लेन्सची हाव आवरावी लागते.

अण्णांसाठी आम्ही दोन्ही केलं. सेन्सर मधल्या मापाचा, ज्याला एपीएस-सी म्हणतात, आणि सोबत एक छोटी झूम लेन्स. सगळं मिळून साडेसातशे ग्रॅम.

"हा तर टीव्ही आहे!"

पण अण्णा तयार कुठे होते? दुकानात त्यांनी मिररलेस डोळ्याला लावला आणि लगेच खाली ठेवला. "हा तर टीव्ही आहे. मला खरं दिसायला हवं."

त्यांचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. डीएसएलआरच्या खिडकीतून येतो तो समोरचा प्रकाश, जसाच्या तसा. तिथे बॅटरी लागत नाही, चित्र मागे पडत नाही, तासन्‌तास बघितलं तरी डोळा शिणत नाही. मिररलेसच्या खिडकीत एक बारीक पडदा असतो आणि त्यावर सेन्सरने पाहिलेलं दिसतं. आताचे पडदे चांगले आहेत, पण पडदा तो पडदाच.

दुकानदाराचा मुलगा शहाणा निघाला. वाद न घालता त्याने खिडकीशेजारचं चष्म्याच्या नंबरचं चाक फिरवून दिलं आणि कॅमेरा दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीकडे वळवला. अण्णांनी पुन्हा डोळा लावला. साध्या डोळ्यांना नीट दिसत नव्हती ती खोक्यांवरची अक्षरं त्यांना खिडकीत दिसली. एक बटण दाबल्यावर तीच अक्षरं कितीतरी पट मोठी झाली. अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे बरं आहे."

दुसरी गोष्ट हाताच्या कंपाची. काही मिररलेसच्या आत सेन्सर चुंबकांच्या आधारावर तरंगता ठेवलेला असतो. हात ज्या दिशेला हलेल त्याच्या उलट दिशेला तो सरकतो. जुना नियम असा की लेन्स २०० मिलिमीटरची असेल तर पडदा सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडा ठेवू नये. हात स्थिर असला तरी. सेन्सर असा सरकता असेल तर त्याच्या कितीतरी पट वेळ चालतो. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ही सोय सगळ्या मिररलेसमध्ये नसते. स्वस्त आणि छोट्या मॉडेलमध्ये बहुधा नसतेच, तेव्हा नुसतं 'मिररलेस आहे ना' म्हणून घेऊ नका. दुसरी, तुमचा हात हलला तर ती सावरते, समोरचं पोर नाचत असेल तर नाही. त्यासाठी पडदा लवकरच मिटायला हवा.

संक्रांतीच्या आधी कॅमेरा घरी आला.

आमच्या चुका

पहिली चूक माझी. अण्णांची एक पन्नास मिलिमीटरची जुनी लेन्स आहे. दीडशे ग्रॅमची, फिल्मच्या दिवसांतली. आमच्या घरातले सगळे जुने चेहरे तिनेच टिपलेत. आई गेली त्याच्या आदल्या वर्षीचा, तुळशीपाशी उभ्या असलेल्या आईचा फोटोही तिचाच. ती नव्या कॅमेऱ्याला बसावी म्हणून मी हौसेने अडॅप्टर मागवला.

अडॅप्टर बसू शकतो याला कारण आहे. आरशाला जागा हवी म्हणून डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांत बरंच अंतर असतं. निकॉनमध्ये ते ४६.५ मिलिमीटर आहे, त्यांच्याच मिररलेसमध्ये १६. मधली मोकळी जागा अडॅप्टर भरून काढतो. उलट मात्र चालत नाही, मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर बसत नाही.

लेन्स झकास बसली, पण फोकस काही होईना. नंतर डोक्यात प्रकाश पडला की या लेन्समध्ये मोटरच नाही. ती जुन्या कॅमेऱ्यातल्या मोटरने, एका स्क्रूमधून फिरते, आणि माझा अडॅप्टर म्हणजे नुसतं कडं. जुन्या लेन्स आहेत म्हणून अडॅप्टर घेणार असाल तर आधी विचारा, स्वयंचलित फोकस चालेल का? नव्या धाटणीच्या पुष्कळ लेन्सवर कंपनीच्याच अडॅप्टरने तो उत्तम चालतो.

मी खट्टू झालो, अण्णा नाही. "आम्ही हातानेच फोकस करत आलो." नव्या कॅमेऱ्यात एक सोय आहे: जे नेमकं फोकसमध्ये आहे त्याच्या कडा खिडकीत लाल रंगाने उजळतात. अण्णा लेन्सचं कडं फिरवत राहिले आणि आमच्या मांजरीच्या मिशा लाल झाल्याबरोबर बटण दाबलं. तरी फोटो हललेला! दुसऱ्या दिवशी कळलं की अशी जुनी लेन्स कॅमेऱ्याला ओळखता येत नाही. मेनूत '५० मिलिमीटर' असं आपण सांगितलं तरच सेन्सर हिशेबाने सरकतो. ते भरल्यावर आलेला पहिला फोटो अण्णांनी मोठा करून बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळात निरोप गेला, "फोटो मी काढीन."

आणि लेक?

तिला आजोबांचा जुना डीएसएलआर मिळाला. मिळाला म्हणजे आम्ही गळी उतरवला. पहिला आठवडा फुरंगटून बसली. "मला म्युझियममधला कॅमेरा दिला," असं मैत्रिणींना सांगून झालं.

मी तिला हिशेब मांडून दाखवला. नव्या मिररलेसच्या पैशात फक्त कॅमेरा आणि एक साधी लेन्स आली असती. इथे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, दोन झूम आणि वाट्याला कधी कधी ती पन्नासची लेन्स, सगळं फुकट. शिवाय या कॅमेऱ्यात मोटर असल्याने पन्नासची लेन्स त्यावर आपोआप फोकस करते. बाहेरून घ्यायचं असतं तरी जुन्या डीएसएलआरचे भाव उतरलेले आहेत. निकॉनचा लेन्स-माउंट १९५९ पासूनचा आणि कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा, त्यामुळे बाजारात जुन्या लेन्सची वाण नाही. विद्यार्थ्याने कमी पैशात शिकायचं असेल तर याहून चांगली वेळ आली नव्हती.

मिररलेसमध्ये जास्त काय आहे, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो माणसाचा डोळा शोधून तिथेच फोकस धरून ठेवतो. पळणाऱ्या पोरांचे फोटो काढणाऱ्याला हे वरदान आहे. व्हिडिओ काढायचा असेल तर दोन मतं नाहीत, मिररलेसच घ्या. फोटो उजळ येणार की काळा, हे बटण दाबण्याआधी खिडकीत दिसतं. डीएसएलआरमध्ये ते नंतर कळतं. पण गंमत अशी की याच उणिवेने लेक शिकली. सरबत विकणाऱ्या काकांचे तिचे पहिले फोटो काळेकुट्ट आले, कारण मागे लख्ख ऊन होतं. आता ती कॅमेरा उचलण्याआधी ऊन कुठून येतंय ते बघते. आणि अडलंच तर डीएसएलआरच्याही मागच्या पडद्यावर चित्र सुरू करता येतं. तेव्हा आरसा वर उचललेलाच राहतो आणि तुमचा डीएसएलआर तात्पुरता मिररलेस होतो. अनेकांना हे माहीत नसतं.

रंगपंचमी आणि अनंत चतुर्दशी

दोन्ही कॅमेऱ्यांची खरी परीक्षा आपल्या शहराने घेतली. रंगपंचमीची गेर निघाली, की राजवाड्याच्या सातही मजल्यांसमोर हवेत गुलालाचे ढग उठतात. आम्ही एका ओळखीच्यांच्या गच्चीवरून फोटो काढले आणि एक नियम पाळला: लेन्स घरून लावून निघायची, बाहेर बदलायची नाही. मिररलेसमध्ये लेन्स काढली की बहुतेक वेळा सेन्सर समोरच उघडा पडतो, काही मॉडेल तेवढी बंद केल्यावर पडदा खाली घेतात. डीएसएलआरमध्ये पुढे आरसा आणि पडदा असतो, तरी रंग आत शिरायचा तो शिरतोच. कॅमेऱ्यावर जाड प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड, एवढी तयारी दोघांनाही पुरली.

अनंत चतुर्दशीला झांक्या. गिरणी कामगारांनी सुरू केलेली ही परंपरा, गिरण्या बंद पडल्या तरी झांक्या रात्रभर निघतात. अण्णांनी आवाज होऊ नये म्हणून कॅमेरा 'मूक' शटरवर ठेवला होता. घरी येऊन बघतो तर कित्येक फोटोंवर आडवे काळे पट्टे. मूक शटरमध्ये सेन्सर एकेक ओळ करून वाचला जातो, आणि एलईडीचे दिवे आपल्याला कळत नाही इतक्या वेगाने लुकलुकत असतात. काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात. कीर्तनात, नाटकात मूक शटर जरूर वापरा, पण आधी दोन फोटो काढून पट्टे येत नाहीत ना ते बघून घ्या. नाहीतर साधं शटर बरं.

आणि रात्री एकच्या सुमाराला अण्णांची बॅटरी संपली. खिडकीतला पडदा सतत चालू असल्याने मिररलेस बॅटरी खातो. निकॉनच्या झेड५० सारख्या छोट्या मिररलेसची एका चार्जिंगमागे मोजणी सुमारे तीनशे फोटोंची येते, तर वर सांगितलेल्या छोट्या २००डी मार्क २ ची, डोळा लावून काढले तर, १,०७०. प्रत्यक्षात दोन्ही याहून जास्त चालतात, पण प्रमाण असंच राहतं. मिररलेस घ्याल तर दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या. आम्ही ती घेतली होती, आणि घरी चार्जरवरच विसरलो होतो. लेकीचा 'म्युझियममधला' कॅमेरा पहाटे चारपर्यंत चालला.

तुम्ही कोणता घ्याल?

दुकानात जाण्याआधी घरीच काही प्रश्नांची उत्तरं द्या. घरात, मामा-काकांकडे कोणाच्या कपाटात जुन्या लेन्स पडल्या आहेत का? असतील तर त्या ज्या कॅमेऱ्यावर चालतील तिथून सुरुवात करा. व्हिडिओ किती काढणार? बराच, तर मिररलेस. मुलं, खेळ, सिरपूर तलावावरचे उडते पक्षी टिपायचे आणि खिशाला परवडतंय? मिररलेसचा फोकस सोपा जाईल. पैसे बेताचे आणि शिकण्याची हौस मोठी? जुना डीएसएलआर आणि एक पन्नासची लेन्स. कॅमेरा वापरणाऱ्याचा हात, मान, डोळे कसे आहेत? हा प्रश्न दुकानात कोणीही विचारत नाही, पण आमच्या घरी त्यावरच सगळं ठरलं.

जुना कॅमेरा घेताना चार गोष्टी तपासा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. छिद्र एफ/१६ ला ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपके होऊन दिसेल. आतापर्यंत किती फोटो निघालेत, म्हणजे शटरची मोजणी, विचारा. आणि पक्कं बिल मागा. घरी आणल्यावर पावसाळ्यात कॅमेरा कातडी पिशवीत कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरा. इंदूरला एवढं पुरतं. गोव्याला, बेळगावला नातेवाईक असतील तर त्यांना दुप्पट काळजी घ्यायला सांगा.

यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दोन कॅमेरे होते. अण्णा पुढच्या रांगेत खुर्चीवर बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून फोटो काढत होते. लेक मागच्या दाराशी ती दोन किलो साडेतीनशे ग्रॅमची पालखी खांद्यावर घेऊन उभी होती. मध्यंतरात ती पुढे आली, "आजोबा, पन्नासची द्या ना. नाटकाला मला हवीय." अण्णांनी लेन्स काढली, झाकण लावलं आणि तिच्या हातात देताना म्हणाले, "आरतीला मात्र परत हवी मला."

ती आरतीला परत आली. मंडळाला यंदा दोनशे बारा फोटो गेलेत. कोणता कोणी काढला हे सचिवांनी विचारलं, तेव्हा दोघांनाही नीट सांगता आलं नाही.